इंग्रजीतला नाउन क्लॉज: ओळखायचा कसा, बांधायचा कसा

लहान वाक्यं बिनचूक लिहिणारी माणसं लांब वाक्यात अडखळतात. 'व्हेअर इज ही?' बरोबर येतं, 'आय डोन्ट नो' हेही बरोबर येतं, पण दोन्ही जोडायची वेळ आली की कागदावर उतरतं: 'आय डोन्ट नो दॅट व्हेअर इज ही.' शब्द सगळे ओळखीचे, अर्थही पोचतो, तरी या एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत. दोन्ही नाउन क्लॉजच्या आहेत आणि मराठीतून विचार करणाऱ्याच्या हातून हमखास होतात. बरोबर वाक्य आहे 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज.'

शाळेत नाउन क्लॉज भेटतो तो वाक्य पृथक्करणात. खाली रेघ ओढायची, प्रकार लिहायचा, गुण घ्यायचे. त्यामुळे परीक्षा संपली की तो विसरला जातो, आणि ते फार नुकसानीचं आहे. 'आय थिंक', 'आय होप', 'कुड यू टेल मी', 'द प्रॉब्लेम इज' अशी सुरुवात केली की पुढे बहुतेक वेळा नाउन क्लॉजच येतो. म्हणजे मुलाखतीत, ईमेलमध्ये, फोनवर, दिवसभर त्याचीच गरज पडते. म्हणून इथे ओळखण्यापेक्षा बांधण्यावर भर दिला आहे. उदाहरणं मोठ्याने म्हणून पाहा. शब्दांचा क्रम डोळ्यांपेक्षा कानाला लवकर पटतो.

पायरी १: क्रियापदं मोजा, मग जागा बघा

कर्ता आणि त्याचं काळ दाखवणारं क्रियापद एकत्र आलं की क्लॉज झाला. 'हिज ॲन्सर' हा नुसता शब्दसमूह आहे. 'व्हॉट ही ॲन्सर्ड' हा क्लॉज आहे, कारण त्यात 'ही' आहे आणि 'ॲन्सर्ड' आहे. आता हे दोन्ही एकाच जागी ठेवू: 'आय नो हिज ॲन्सर' आणि 'आय नो व्हॉट ही ॲन्सर्ड.' मला काय माहीत आहे, या प्रश्नाचं उत्तर दोन्ही वाक्यांत त्याच जागी येतं. जिथे एरवी नाम बसलं असतं तिथे अख्खा क्लॉज बसला, म्हणून तो नाउन क्लॉज. मराठी व्याकरणात याला नामवाक्य म्हणतात.

ओळखायची सगळ्यात भरवशाची कसोटी एकच: संपूर्ण क्लॉज उचला आणि त्या जागी 'समथिंग' ठेवा. वाक्य उभं राहिलं तर नाउन क्लॉज, कोसळलं तर बहुधा दुसरं काहीतरी. (विशेषणाला किंवा नामाला लागून येणाऱ्या नाउन क्लॉजना ही कसोटी लागत नाही, ते पायरी २ मध्ये येतील.) 'व्हेन' या एकाच शब्दावर ही कसोटी लावून बघू.

'टेल मी व्हेन द मीटिंग एंडेड.' याचं होईल 'टेल मी समथिंग.' ठीक आहे, नाउन क्लॉज.

'शी स्माइल्ड व्हेन द मीटिंग एंडेड.' याचं होईल 'शी स्माइल्ड समथिंग.' याला काही अर्थ नाही. इथे क्लॉज ती कधी हसली ते सांगतो, म्हणून तो क्रियाविशेषण वाक्य.

'आय रिमेंबर द डे व्हेन द मीटिंग एंडेड इन अ क्वारल.' इथे 'व्हेन'पासून पुढचा भाग 'द डे'ला चिकटला आहे. कोणता दिवस, ते सांगतो. तो विशेषण वाक्य.

शब्द तोच आणि प्रकार तीन. म्हणून 'व्हेन आलं की ॲडव्हर्ब क्लॉज' अशी पाठ केलेली यादी ऐन वेळी दगा देते. जोडणाऱ्या शब्दाकडे बघून प्रकार ठरवू नका, क्लॉज कोणत्या जागी बसला आहे ते बघा.

यातून लगेच एक उपयोगाची गोष्ट निघते. 'आय विल कॉल यू व्हेन ही कम्स' यात 'व्हेन ही विल कम' चालत नाही, हे आपण शिकलेलो असतो. मग 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे बरोबर कसं? कारण पहिल्यातला क्लॉज क्रियाविशेषणाचा आहे आणि दुसऱ्यातला नामाचा. 'विल' न वापरण्याचा नियम फक्त पहिल्या प्रकाराला लागू होतो. नाउन क्लॉजमध्ये भविष्यकाळ बिनधास्त वापरा.

आता एक भरगच्च वाक्य जवळून पाहू.

'व्हॉट शी टोल्ड अस येस्टरडे प्रूव्ह्ज दॅट नोबडी न्यू व्हेअर द कीज वेअर.'

पहिलं काम क्रियापदं मोजणं. 'टोल्ड', 'प्रूव्ह्ज', 'न्यू', 'वेअर'. चार क्रियापदं, म्हणजे चार क्लॉज. दुसरं काम मुख्य क्रियापद शोधणं. 'टोल्ड'च्या आधी 'व्हॉट' आहे, 'न्यू'च्या आधी 'दॅट', 'वेअर'च्या आधी 'व्हेअर'. ज्याच्या आधी स्वतःचा जोडणारा शब्द नाही असं एकच उरतं: 'प्रूव्ह्ज'. तेच मुख्य. आता त्याला दोन प्रश्न विचारा. सिद्ध करणारी गोष्ट कोणती? 'व्हॉट शी टोल्ड अस येस्टरडे.' हा कर्ता झाला. कशाची सिद्धता करतं? 'दॅट नोबडी न्यू व्हेअर द कीज वेअर.' हे कर्म. आणि या कर्माच्या पोटात आणखी एक: कुणालाच काय माहीत नव्हतं? 'व्हेअर द कीज वेअर.' तो 'न्यू'चं कर्म. सगळे क्लॉज काढून 'समथिंग' ठेवलं तर वाक्याचा सांगाडा दिसतो: 'समथिंग प्रूव्ह्ज समथिंग.' एवढं लांब वाक्य, पण मुळात तीन शब्दांचं.

ही उकल एकदा हाताने कागदावर करा. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचं कोणतंही लांब वाक्य मग याच पद्धतीने सुटतं.

पायरी २: कोणत्या जागी बसवता येतो

सगळ्यात जास्त वेळा तो कर्माच्या जागी येतो: 'आय बिलीव्ह दॅट शी इज ऑनेस्ट.' 'बी' (म्हणजे 'इज', 'आर', 'वॉज') या क्रियापदानंतर पूरक म्हणून येतो: 'द प्रॉब्लेम इज दॅट वी हॅव नो टाइम.' 'शुअर', 'ग्लॅड', 'अफ्रेड' अशा विशेषणांनंतरही येतो: 'आय ॲम शुअर दॅट ही विल अंडरस्टँड.' या तीन जागा आपल्याला फारशा त्रास देत नाहीत.

कर्त्याच्या जागी दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, असा कर्ता सहसा एकवचनी धरतात: 'व्हॉट दे सेड इज ट्रू.' 'दे' दिसलं म्हणून 'आर' लिहायचं नाही, कारण कर्ता 'दे' नसून संपूर्ण क्लॉज आहे. दोन, 'दॅट'ने सुरू होणारा लांबलचक कर्ता वाक्याच्या तोंडाशी जड होतो. 'दॅट ही रिझाइन्ड विदाउट अ रीझन इज स्ट्रेंज' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण रोजच्या लिखाणात इंग्रजी माणूस 'इट' पुढे ठेवून क्लॉज मागे ढकलतो: 'इट इज स्ट्रेंज दॅट ही रिझाइन्ड विदाउट अ रीझन.' हीच रचना सवयीची करा. यातल्या 'इट'ला स्वतःचा अर्थ नाही, ते फक्त जागा धरून ठेवतं.

शब्दयोगी अव्ययानंतरची जागा मात्र जपून वापरावी लागते. 'ऑन', 'ऑफ', 'अबाउट' यांच्यानंतर 'व्हॉट', 'हाउ', 'व्हेदर' असे शब्द येऊ शकतात: 'वी टॉक्ड अबाउट व्हॉट वी शुड डू नेक्स्ट.' पण 'दॅट'चा क्लॉज येत नाही. 'आय ॲम अवेअर ऑफ द रिस्क' बरोबर, म्हणून 'आय ॲम अवेअर ऑफ दॅट देअर इज अ रिस्क' हेही बरोबर असेल असं वाटतं. ते चूक आहे. एकतर 'ऑफ' काढून टाका, 'आय ॲम अवेअर दॅट देअर इज अ रिस्क', नाहीतर मधे 'द फॅक्ट' घाला, 'ऑफ द फॅक्ट दॅट देअर इज अ रिस्क.' पहिला पर्याय सुटसुटीत आहे, मी तोच सुचवेन. 'इन दॅट' आणि 'एक्सेप्ट दॅट' हे अपवाद आहेत, ते तसेच लक्षात ठेवावे लागतात.

शेवटची जागा एखाद्या नामाला लागून, त्या नामात काय आहे ते सांगणारी: 'द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड शॉक्ड अस.' बातमी काय होती? त्याने राजीनामा दिल्याची. 'फॅक्ट', 'आयडिया', 'होप', 'रूमर', 'बिलीफ' यांच्यानंतर अशी रचना नेहमी दिसते. इथे विशेषण वाक्याशी गल्लत होते, कारण 'द न्यूज दॅट ही टोल्ड अस वॉज फॉल्स' हे दिसायला अगदी जुळं आहे. फरक करायचा तर 'दॅट' बाजूला काढून उरलेला भाग वाचा. 'ही हॅड रिझाइन्ड' हे पूर्ण वाक्य आहे, म्हणून नाउन क्लॉज. 'ही टोल्ड अस' इथे काय सांगितलं ते राहून गेलं. ती रिकामी जागा 'दॅट' भरत होतं, म्हणून विशेषण वाक्य. दुसरी खूण अशी की पहिल्याचं 'द न्यूज वॉज दॅट ही हॅड रिझाइन्ड' असं वाक्य करता येतं, दुसऱ्याचं करता येत नाही.

पायरी ३: जोडणारा शब्द निवडताना 'की' विसरा

जोडणारा शब्द कोणता घ्यायचा हे ठरवायला मुळातलं सुटं वाक्य आठवा. ते साधं विधान असेल तर 'दॅट'. हो किंवा नाही असं उत्तर मागणारा प्रश्न असेल तर 'व्हेदर' किंवा 'इफ'. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं असा प्रश्न असेल तर त्यातलाच प्रश्नशब्द. बहुतेक वेळा निवड एवढीच असते.

घोळ होतो तो मराठीच्या 'की'मुळे. आपला 'की' कुठेही चालतो. 'मला वाटतं की तो येईल', 'मला माहीत नाही की तो कुठे आहे', 'तिने विचारलं की तू येणार का' या तिन्ही वाक्यांत 'की' आहे. मग मनात 'की' बरोबर 'दॅट' अशी जोडी पक्की बसते आणि 'आय डोन्ट नो दॅट व्हेअर ही इज' किंवा 'शी आस्क्ड दॅट आर यू कमिंग' अशी वाक्यं तयार होतात. इंग्रजी नाउन क्लॉजला एकच जोडणारा शब्द लागतो. प्रश्नशब्द आला की जोडण्याचं काम तोच करतो, 'दॅट'ला जागा उरत नाही. तेव्हा 'की'चं भाषांतर करू नका. 'की'च्या पुढे प्रश्न आहे का ते बघा. असेल तर 'दॅट' गाळा.

'व्हॉट'ची दोन कामं आहेत आणि इथे मराठी आपल्याला चक्क मदत करते. 'आय आस्क्ड व्हॉट शी बॉट' म्हणजे तिने काय विकत घेतलं ते मी विचारलं. 'आय यूज्ड व्हॉट शी बॉट' म्हणजे तिने जे विकत घेतलं ते मी वापरलं. इंग्रजीत दोन्हीकडे 'व्हॉट', आपल्याकडे एकदा 'काय' आणि एकदा 'जे'. म्हणजे मराठीत 'जे' आणि 'ते'ची जोडी मनात आली तरी इंग्रजीत एकटा 'व्हॉट' पुरतो. 'व्हॉट शी सेड, दॅट इज ट्रू' असं दोन शब्दांत ते मांडायचं नाही. 'व्हॉट शी सेड इज ट्रू', मधे स्वल्पविरामही नको.

'जो कोणी', 'जे काही' यांसाठी 'हूएव्हर', 'व्हॉटेव्हर' आहेत. 'गिव्ह इट टू हूएव्हर कम्स फर्स्ट' यात 'टू' बघून 'हूमएव्हर' लिहायचा मोह होतो. पण 'टू'चं कर्म अख्खा क्लॉज आहे, आणि त्या क्लॉजच्या आत 'कम्स'ला कर्ता हवा. तो 'हूएव्हर'.

व्याकरणाच्या इंग्रजी पुस्तकांत 'कन्टेन्ट क्लॉज' अशीही एक संज्ञा दिसते. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी ती वापरली. 'दॅट'चे आणि प्रश्नशब्दांचे क्लॉज तिच्यात येतात, 'जे' अर्थाच्या 'व्हॉट'चे क्लॉज वेगळे धरले जातात. वाक्यं बरोबर लिहायला हा भेद माहीत असायलाच हवा असं नाही. दोन पुस्तकं वेगवेगळं सांगताना दिसली तर गोंधळू नये म्हणून सांगितलं.

पायरी ४: प्रश्न आत गेला की तो विधान होतो

वेळ थोडा असेल तर बाकी सगळं सोडून हाच भाग घोटा.

इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं. 'ही इज रेडी'चं 'इज ही रेडी?' होतं. मराठीत असं काही होत नाही. 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो ते मला माहीत आहे' यांत शब्दांचा क्रम तोच राहतो. ही उडी आपल्याला मुद्दाम शिकावी लागते, घोटून घोटून शिकावी लागते. आणि ती एकदा अंगवळणी पडली की प्रश्नशब्द दिसला रे दिसला की आपण ती मारतो, जिथे मारायची नाही तिथेही.

प्रश्न मोठ्या वाक्याच्या आत गेला की उडी रद्द होते. कर्ता आधी, क्रियापद नंतर.

'व्हेअर इज द स्टेशन?' याचं 'कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?'

'व्हॉट आर दे डूइंग?' याचं 'आय वंडर व्हॉट दे आर डूइंग.'

'हाउ लाँग विल इट टेक?' याचं 'इट डिपेंड्स ऑन हाउ लाँग इट विल टेक.'

'डू', 'डझ', 'डिड' असलेल्या प्रश्नांत आणखी एक काम वाढतं. ही मदतनीस क्रियापदं फक्त प्रश्नासाठी आलेली असतात, ती निघून जातात, आणि जाताना त्यांनी घेतलेला काळ मूळ क्रियापदाला परत करावा लागतो. 'व्हेअर डझ शी लिव्ह?' यातलं 'डझ' गेलं की 'स' परत 'लिव्ह'ला लागतो: 'आय नो व्हेअर शी लिव्ह्ज.' 'व्हाय डिड ही लीव्ह?' यातलं 'डिड' गेलं की भूतकाळ परत येतो: 'नोबडी नोज व्हाय ही लेफ्ट.' अर्धी मंडळी 'डिड' काढतात पण 'लीव्ह' तसंच ठेवतात. दोन्ही कामं एका दमात करायची सवय लावा.

प्रश्नशब्दच कर्ता असेल तर मुळात उडी नसतेच, म्हणून काही बदलत नाही. 'हू ब्रोक द विंडो?' याचं 'आय नो हू ब्रोक द विंडो.' 'व्हॉट हॅपन्ड?' याचं 'टेल मी व्हॉट हॅपन्ड.' 'आय डोन्ट नो व्हॉट्स द मॅटर' हेही याच कारणाने बरोबर आहे.

प्रश्नचिन्हाचा निर्णय बाहेरच्या वाक्यावर ठरतो. 'डू यू नो व्हेअर ही इज?' इथे बाहेरचं वाक्य प्रश्न आहे, चिन्ह हवं. 'आय वंडर व्हेअर ही इज.' इथे बाहेर विधान आहे, पूर्णविराम हवा.

आता एक वेगळी रचना, जी चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांनाही चकवते. 'तुला काय वाटतं, तो कुठे असेल?' याचं इंग्रजी 'डू यू थिंक व्हेअर ही इज?' असं होत नाही. 'व्हेअर डू यू थिंक ही इज?' असं होतं. समोरच्याकडून हो किंवा नाही हवं असेल तर 'डू यू नो' पुढे राहतं: 'डू यू नो व्हेअर ही इज?' पण 'थिंक' विचारताना आपल्याला हो नको असतं, जागेचं नाव हवं असतं. म्हणून प्रश्नशब्द थेट वाक्याच्या तोंडाशी जातो. 'से', 'सपोज', 'बिलीव्ह' यांचंही असंच: 'हू डू यू सपोज डिड इट?' उडी 'डू यू'ने मारून झालेली असते, म्हणून आतला क्रम इथेही सरळच राहतो.

कर्ता एकच असेल आणि 'काय करावं', 'कुठे जावं' असा अर्थ असेल तर सगळा क्लॉज आखडून टाकता येतो: 'आय डोन्ट नो व्हॉट आय शुड डू' याचं 'आय डोन्ट नो व्हॉट टू डू.' 'व्हाय' मात्र अशा रचनेत चालत नाही.

'इफ' की 'व्हेदर'

'आय डोन्ट नो इफ शी विल कम' आणि 'व्हेदर शी विल कम', दोन्ही चालतात. बोलताना 'इफ' जास्त ऐकू येतं. पण काही जागा 'व्हेदर'च्याच आहेत: वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून, 'व्हेदर शी विल कम इज नॉट क्लिअर', शब्दयोगी अव्ययानंतर, 'इट डिपेंड्स ऑन व्हेदर शी कम्स', 'टू'च्या आधी, 'आय कान्ट डिसाइड व्हेदर टू गो', आणि 'ऑर नॉट' लगेच पुढे येत असेल तर, 'व्हेदर ऑर नॉट शी कम्स'. शंका आली की 'व्हेदर' घ्या, तो सहसा कुठे चुकत नाही. शिवाय 'इफ'मुळे अर्थ दोन होतात. 'लेट मी नो इफ यू आर कमिंग' म्हणजे येणार असलात तरच कळवा, की येणार आहात का ते काहीही असलं तरी कळवा? कामाच्या पत्रात हा फरक महाग पडतो, तिथे 'व्हेदर' लिहा.

पायरी ५: 'मी' कोण आणि काळ कुठला

'तो म्हणाला की मी उद्या येतो.' मराठीत हे अगदी सहज वाक्य आहे. 'मी' म्हणजे तो, हे सांगावं लागत नाही. त्याचे शब्द आपण जसेच्या तसे 'की'च्या पुढे ठेवतो. इंग्रजीत 'ही सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो' असं लिहिलंत तर येणारा माणूस तुम्ही होता. चूक व्याकरणाची राहत नाही, माहितीच बदलते. 'दॅट' लागला की सगळी सर्वनामं बोलणाऱ्याच्या, म्हणजे आत्ता लिहिणाऱ्याच्या बाजूने बदलायची: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.'

काळही मागे सरकतो. 'सेड', 'न्यू', 'थॉट' असं भूतकाळी क्रियापद बाहेर असेल तर आतलं 'इज' सहसा 'वॉज' होतं, 'विल'चं 'वुड', 'हॅज'चं 'हॅड'. गोष्ट अजूनही तितकीच खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवता येतो: 'ही एक्सप्लेन्ड दॅट द अर्थ मूव्ह्ज अराउंड द सन.' बाहेरचं क्रियापद वर्तमानात असेल तर काहीच सरकवायचं नाही.

पायरी ६: बाहेरचं क्रियापद काय मागतं

'टेल'ला कुणाला ते सांगावं लागतं, 'से'ला नाही. 'ही टोल्ड मी दॅट' किंवा 'ही सेड दॅट'. 'ही टोल्ड दॅट' आणि 'ही सेड मी दॅट' दोन्ही चूक. 'एक्सप्लेन' आणि 'सजेस्ट' यांना माणूस थेट जोडता येत नाही, मधे 'टू' लागतं: 'शी एक्सप्लेन्ड टू अस दॅट...' 'शी सजेस्टेड मी दॅट' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटेनासं झालंय, पण ती चूकच आहे.

'सजेस्ट', 'डिमांड', 'इन्सिस्ट', 'रेकमेंड' अशा सूचना किंवा आग्रह दाखवणाऱ्या क्रियापदांनंतर आतलं क्रियापद मूळ रूपात येतं: 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही टेक रेस्ट.' 'टेक्स' नाही, 'टुक'ही नाही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'ही शुड टेक रेस्ट' असंही सर्रास लिहितात. दोन्हींपैकी एक धरून ठेवा.

नकार कुठे द्यायचा याचीही एक पद्धत आहे. 'मला वाटतं तो येणार नाही' याचं 'आय थिंक ही विल नॉट कम' हे समजतं, पण इंग्रजी वळण 'आय डोन्ट थिंक ही विल कम' असं आहे. 'थिंक' आणि 'बिलीव्ह' यांच्याबाबत नकार बाहेर आणा. 'होप'ला हे लागू नाही. 'आय होप ही विल नॉट कम' असंच म्हणायचं.

'दॅट' कधी गाळावा? 'थिंक', 'नो', 'से', 'होप' यांच्यानंतर लहान वाक्यात खुशाल गाळा, बोलताना तेच सहज वाटतं. कर्त्याच्या जागी मात्र गाळता येत नाही. आणि मधे वेळ दाखवणारा शब्द असेल तर अजिबात गाळू नका. 'ही सेड ऑन मंडे द ऑफिस वुड बी क्लोज्ड' यात सोमवारी तो बोलला की सोमवारी ऑफिस बंद राहणार? 'ऑन मंडे'च्या आधी किंवा नंतर 'दॅट' ठेवलात की प्रश्नच उरत नाही. 'दॅट'च्या आधी स्वल्पविराम देण्याची सवय असेल तर तीही सोडा. तिथे तो लागत नाही.

आता स्वतः करून बघा

खालची वाक्यं चुकीची आहेत. उत्तरं झाकून आधी दुरुस्त करा, आणि दुरुस्त करताना कारणही मनात म्हणा.

१. 'कॅन यू टेल मी व्हॉट टाइम डझ द ऑफिस ओपन?'
२. 'शी टोल्ड दॅट शी इज नॉट फीलिंग वेल.'
३. 'एव्हरीथिंग डिपेंड्स ऑन इफ दे ॲग्री.'
४. 'डू यू थिंक हू विल विन?'
५. 'व्हॉट ही सेड, दॅट वॉज युजफुल.'
६. 'वी आर अवेअर ऑफ दॅट द वर्क इज लेट.'
७. 'आय वंडर दॅट व्हाय डिड शी लीव्ह सो अर्ली?'

पहिल्यात 'डझ' जाईल आणि 'स' परत येईल: 'व्हॉट टाइम द ऑफिस ओपन्स?' प्रश्नचिन्ह राहील, कारण 'कॅन यू टेल मी' हा प्रश्नच आहे. दुसऱ्यात माणूस हवा आणि काळ मागे हवा: 'शी टोल्ड मी दॅट शी वॉज नॉट फीलिंग वेल.' तिसऱ्यात 'ऑन'नंतर 'व्हेदर'. चौथं 'हू डू यू थिंक विल विन?' पाचव्यातून 'दॅट' आणि स्वल्पविराम दोन्ही काढा. सहाव्यात 'ऑफ' काढला की काम झालं. सातव्यात तीन दुरुस्त्या आहेत: 'दॅट' गेला, 'डिड' जाऊन 'लीव्ह'चं 'लेफ्ट' झालं, आणि शेवटी प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम आला. 'आय वंडर व्हाय शी लेफ्ट सो अर्ली.'